कप्तानानं जेवायची घरं

शनिवारी दुपारी आम्ही नवरा-बायकोनं मागच्या दारात बसून बॉलमध्ये हवा भरली. पंप मी मारायचा, पिन तिनं धरायची, आणि बॉल अंगठ्यानं दाबून ‘बास’ म्हणायचं तेही तिनंच. इतकी वर्षं असंच चाललं होतं. माझ्या हातनं दोन फटके जास्त पडले की ती माझ्याकडं बघत बघत हवा सोडायची, फुस्स करून. त्या दिवशी सगळे बॉल झाले. जाळीत भरले, जाळीचं तोंड तिनं बांधलं आणि म्हणाली, “चहा टाकते.”

चहा टाकला नाही. ओट्याला धरून उभी राहिली, मग खाली बसली. गल्लीतल्या एकानं रिक्षा काढली. दवाखान्याच्या दारात डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून बघितली आणि मला बाजूला घेतलं. मला रिक्षातच कळलं होतं. तिचा हात माझ्या हातात होता.

आता लोक येतात, बसतात आणि बाईंनी किती कप आणले ते सांगतात. कप आणले, हरवलेही तितकेच. कपाटाच्या काचेवर धूळ बसली तरी ती पुसायची नाही, म्हणायची, दिसत्यात की. कपांवरनं ती कळणार नाही. ज्यावरनं कळंल ते मी सांगतो.

घरात ती विजया, बाहेर बाई. कॉलेजची पोरं बाई म्हणायची, त्यांतल्या काहींचे बापही बाईच म्हणायचे, कारण त्यांनाही तिनंच पळवलं होतं. चारचौघांत मीही बाईच म्हणायचो. ती गडमुडशिंगीची, बी.पी.एड. झालेली. मी सातवीत शाळा सोडलेला, उचगावच्या फौंड्रीत मोल्डिंगला. तिचा भाऊ माझ्याबरोबर कामाला, त्यानं जमवलं. माझ्याआधी बघायला आलेले पावणे, पोरगी उन्हात काळी पडलीया, ग्राउंडवर पळती, म्हणून परत गेले होते. मला तिनं सगळ्यांदेखत विचारलं, “मी पळायचं बंद करणार न्हाई. चालंल?”

मी म्हणालो, “माझा पाय मोडलेला हाय. मी धरायला येत न्हाई.”

ती हसली. जमलं.

पायाचं आधीच सांगून टाकतो, कारण शेवटी तेच आडवं आलं. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. तालमीचा फुटबॉलचा संघ असतो, आणि सगळी गल्ली त्या संघाची असते. मी खालच्या तालमीचा बॅक होतो. वरच्या तालमीत बाळू म्हणून फॉरवर्ड होता. एका मॅचला बॉल माझ्याकडनं निघून गेल्यावर त्यानं माझ्या नडगीवर पाय घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, गॅलरीतल्यांनीही ऐकला म्हणतात. माझा खेळ तिथंच संपला. बाळू दवाखान्यात बघायलासुद्धा आला नाही. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. गाव एक, केस कापायचं दुकान एक. तो खुर्चीत असला की मी बाहेर उभा राहायचो, मी खुर्चीत असलो की तो आल्या पावली परत जायचा. आमच्या गल्लीनं माझ्या पायासाठी ठरवूनच टाकलं की बाळूच्या घराची पायरी कुणी चढायची नाही. मी तसं सांगितलं नव्हतं. नको असंही म्हणालो नव्हतो.

तर बाई. कॉलेजात तिच्याकडं मुलींचं लेझीम आणि खो-खो. पोरांच्या फुटबॉलला एक सर होते. कॉलेजच्या टीमची अडचण अशी की निम्मी पोरं वरच्या तालमीची, निम्मी खालच्या. अंगात जर्सी एक, पण बॉल पास करायचा तो आपल्याच गल्लीतल्याला. एकदा सांगलीला जाताना बसमध्येच जुंपली, खिडकीची काच गेली, ड्रायव्हरनं बस मध्येच थांबवून सगळ्यांना उतरवलं. सरांनी दुसऱ्या दिवशी शिट्टी प्राचार्यांच्या टेबलावर ठेवली. घ्यायला कोणी तयार होईना. बाई म्हणाली, “मी घेते. शिट्टी राहू दे, टाळी वाजवीन.”

पहिल्या दिवशी पोरांनी तिला बघून तोंडं फिरवली. एकानं मुद्दामच विचारलं, “बाई, तुमास्नी ऑफसाइड कळतंय का?”

“न्हाई,” ती म्हणाली. “तू पुढं ये. सगळ्यांस्नी समजावून सांग.”

तो आला, सांगायला लागला. दुसरा म्हणाला, तसं नसतं. तिसरा म्हणाला, तुम्ही दोघं बी गाढव. अर्धा तास कालवा चालला. ती खाली बसून फुटाणे खात ऐकत होती. शेवटी उठली, चुडीदारावरची माती झाडली आणि म्हणाली, “माझं सोडा, तुमचंच एक ठरंना. उद्या ठरवून या, मग खेळू.” आणि घरी आली. दुसऱ्या दिवशी पोरं खरंच ठरवून आली. त्यासाठी दोन्ही तालमींची पोरं एका चहाच्या गाड्यावर बसली होती. तसं आधी कधी झालं नव्हतं.

मग तिनं जोड्या लावल्या. वरच्या तालमीचा एक, खालच्या तालमीचा एक, अशी जोडी. दोघांनी सरावाला एकाच गाडीवरनं यायचं, एकाच गाडीवरनं जायचं. गाडी एकाची, पेट्रोल दुसऱ्याचं. एकाला उशीर म्हणजे दोघांना उशीर, आणि उशीर म्हणजे दोघंही गेटाबाहेर. पोरांनी लई तोंड वाकडं केलं. एक जोडी तर कितीतरी दिवस एकमेकांशी बोलायचीच नाही. मागं बसलेला खांद्याला हातसुद्धा लावायचा नाही, मागची दांडी धरून बसायचा. एक दिवस पावसात गाडी घसरली आणि दोघंही चिखलात पडली. तशीच चिखलाची आली, वेळेत. बाईनं दोघांकडं खालवर बघितलं. “खांदा धरला असतास तर पडला न्हवतास,” मागच्याला एवढंच म्हणाली. ती दोघं आता एकमेकांची सोयरी आहेत.

मॅच चालू असताना ती मैदानाकडं कमीच बघायची. बाकावर बसलेल्या पोरांकडं तोंड करून उभी राहायची. मी जुना खेळाडू, माझा जीव वरखाली व्हायचा. एकदा म्हणालो, “अगं, बॉल तिकडं हाय!” तर म्हणाली, “बॉल सगळं गाव बघतंय. बसवलेली पोरं काय करत्यात ते कोण बघणार?” गोल झाल्यावर बाकावरचं कोण उठलं, कोण हाताची घडी घालून बसलं, हे तिच्या ध्यानात राहायचं. पुढच्या मॅचला आत कोण जाणार ते त्यावर ठरायचं. एका नगरसेवकाचा भाचा असाच महिनाभर बाकावर राहिला. मामा घरी आला, चांगला तासभर बसला. तिनं पोहे केले, चहा केला, त्याच्या लेकीची चौकशी केली. जाताना तो म्हणाला, “मग बाई, पोराचं?” ती म्हणाली, “त्याला टाळ्या वाजवायला शिकवा. बाकीचं मी बघते.”

पण सगळ्यात गाजला तो तिचा कप्तानाचा नियम. कप्तान व्हायचं तर टीममधल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन जेवायचं. हॉटेलात नाही, तालमीत नाही, घरात. चटईवर बसायचं. पाणी कुठनं आणतात, म्हातारी कुठं झोपती, बाप काय करतो, पोराला अभ्यासाला कोपरा आहे का, हे डोळ्यांनी बघायचं. सगळी घरं झाली की मग दंडाला पट्टी. पोरांनी कारण विचारलं तर म्हणायची, “कप्तानाला ग्राउंडवर शिव्या घालाव्या लागत्यात. त्याशिवाय काम होत न्हाई. पण ज्याच्या घरात जेवला न्हाईस, त्याला शिवी द्यायचा तुला हक्क न्हाई.”

कोल्हापुरात जेवायला बोलावलं तर आमटी-भात कोण घालतंय? प्रत्येक घरानं तांबडा, पांढरा, सुक्कं केलं. एका वर्षीचा कप्तान घरं संपेपर्यंत असा सुटला की जुन्या जर्सीत मावेना.

ह्या नियमातनं एकदा मारामारी व्हायची राहिली. समीर म्हणून पोरगा होता, वरच्या तालमीचा. बापाचा मोटारींच्या सीट कव्हरचा धंदा. पोरगं म्हणजे वीज, दोन्ही तालमींचा त्याच्यावर डोळा. त्याला कप्तान करायचं ठरलं आणि आमच्या गल्लीतलं एक घर आलं. बाई मला म्हणाली, “तुम्ही स्कूटरवरनं घेऊन जा. एकटा आला तर पोरं अडवतील.” मी घेऊन गेलो. आता तेच दिवस नेमके खेळाडूंच्या सह्यांचे. हंगामाआधी कुठला खेळाडू कुठल्या तालमीकडनं खेळणार ह्याच्या सह्या होतात, आणि चांगलं पोरगं पळवायला काय काय करतात ते सगळ्यांना माहीत आहे. वरच्या गल्लीत बातमी गेली: समीरला खालच्यांनी उचलला, स्कूटरवर घातला, आता मटण घालून सही घेत्यात.

समीरनं पहिला घास घेतला असंल नसंल, दारात वीस-पंचवीस माणूस.

“समीऱ्या, भाईर ये!”

त्या घरातली काकू पळी घेऊन उंबऱ्यात आली. “काय पायजे?”

“सही कुठाय?”

“कसली सही? पोरगं जेवतंय!”

“फुकट कोण मटण घालतंय हो काकू?”

“तुझ्या आयेनं तुला इकत घातलं काय रं आजपतूर?”

आमच्या गल्लीतलीही पोरं जमली. मी मध्ये उभा, मोडक्या पायावर, दोन्हीकडनं शिव्या खात. तेवढ्यात बाई आपल्या लूनावरनं आली. गाडी लावली, दोन्ही बाजूंकडं बघितलं. म्हणाली, “भांडायला आलाय का जेवायला? जेवायला असंल तर चपला काढा. भांडायला असंल तर पोराचं जेवण होऊ द्या.” वरच्या गल्लीतले दोन-तीन जाणते लाजले, आता नको कसं म्हणायचं म्हणून आत येऊन बसले, आणि जेवले. त्यांचीच पुढं पंचाईत झाली. बाहेर उभे राहिलेले परत गेले आणि सांगत सुटले की म्हातारेही फुटले.

ती चुकायची नाही असं नाही. एकदा एका महत्त्वाच्या मॅचला एक जोडी उशिरा आली, बाईनं गेटाबाहेर ठेवली, आणि दोघांची मॅच गेली. संध्याकाळी कळलं की एकाची आई आदल्या दिवसापासनं दवाखान्यात होती, आणि पोरगं भिडेनं बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्यांना गोल बसवलं. “माझं चुकलं,” म्हणाली. “विचारायला पायजे हुतं, विचारलं न्हाई.” नियम बदलला नाही, विचारायचं तेवढं वाढवलं. आणि पुढची मॅच ती स्वतः गेटाबाहेर उभी राहिली. मी तिला छत्री नेऊन दिली. आतनं ओरडा ऐकू आला की ती वॉचमनला विचारायची, “आपला झाला का त्यांचा?” त्याला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं. तो म्हणायचा, “कुणाचा तरी झाला बघा.”

घरी सगळं गोड होतं असंही नाही. लेकीच्या शाळेच्या गॅदरिंगला ती एकदाही वेळेत पोचली नाही. लेक अजून बोलून दाखवते. भाजी करपायची. मी फौंड्रीतनं येऊन जर्स्या वाळत घालायचो, तेव्हा गल्लीतले हसायचे, मी त्यांना त्यांच्या भाषेत उत्तर द्यायचो. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता घरात बसंल. कॉलेजनं एक तरुण सर नेमले, पण पोरं त्यांना नवे सर म्हणायची आणि सकाळी आमच्या दारात येऊन उभी राहायची. नव्या सरांनाही त्याचं वाईट वाटायचं नाही. तेही यायचे.

ह्या वर्षी फायनल रविवारी होती. टीमचा संग्राम कप्तान होणार, हे आधीच ठरलेलं. आमच्याच गल्लीचा, आमच्याच तालमीचा बॅक, माझ्यासमोर लहानाचा मोठा झालेला. पोरगं चांगलं. सगळी घरं जेवून आला, एक सोडून. गोलकीपर ओंकारचं घर. ओंकार म्हणजे बाळूचा नातू.

तसं संग्राम आणि ओंकारचं काही वाकडं नव्हतं. एकाच गाडीवरनं यायचे जायचे, एका बाटलीतलं पाणी प्यायचे. फक्त संग्राम त्याला घराच्या कोपऱ्यावर सोडायचा, पुढं जायचा नाही. गल्लीचा कायदा.

फायनलच्या आठवड्यात एका संध्याकाळी संग्राम बाईकडं आला. ओंकार बाहेर गाडीवर बसून राहिला. मी आतल्या खोलीत लसूण सोलत होतो. सगळं ऐकू येत होतं.

“बाई, सगळी घरं झाली.”

“एक राहिलंय.”

“ते जमायचं न्हाई, बाई.”

“का?”

“तुमास्नी काय सांगायचं आता. मामांचा पाय.” मला सगळी पोरं मामा म्हणतात.

“मामांचा पाय मामांजवळ हाय. तुझे दोन्ही धड हायत. जा चालत.”

“गल्लीत तोंड कसं दाखवू? आणि मी तुमच्याच घरासाठी जात न्हाई न्हवं?”

“माझ्या घरासाठी न्हवं. पट्टी पायजे तर जायचं. न्हाईतर रविवारी बाहेर बस. कप्तान दुसरा करीन.”

“फायनलला?”

“फायनलला.”

संग्राम म्हणाला, “मामा स्वतः गेल्यात का कधी तितं? तुमच्याच घरात चालत न्हाई बाई, मग आमच्यावरच का?”

मी सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता ती मला हाक मारणार.

“मामा माझ्या टीममध्ये न्हाईत,” ती म्हणाली. “असते तर बाहेर बसवले असते.”

संग्राम गेला. ती आत आली, सोललेला लसूण बघितला, म्हणाली, “इतका कशाला?” आणि भाकरी थापायला बसली. जेवताना त्या विषयावर एक अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी वाट बघत होतो. जा असं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. माझ्याकडं भांडण तयार होतं, पाय वर करून दाखवायचीही तयारी होती. ती काही म्हणालीच नाही. शुक्रवारी तिनं नव्या सरांना फोन करून सांगितलं, संग्राम बाहेर. शनिवारी आम्ही बॉल भरले.

लेक पुण्यासनं आली तोवर अंधार पडला होता. पंचगंगेवर सगळं झालं. दोन्ही तालमींची माणसं होती, वेगवेगळी उभी. टीम मात्र एका ठिकाणी उभी होती. निघताना नवे सर पोरांना म्हणाले, “उद्या संग्रामच कप्तान. आता ते घराबिराचं राहू दे. दंडाला काळ्या फिती बांधू, बाईंसाठी जिंकू.” पोरांनी माना हलवल्या. मी ऐकलं.

सकाळी पोरं घरी आली. अंगणात पोतं टाकून बसली, नवे सरही होते. मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारी, पैपावणे भाकरी-पिठलं करून आणतात, घरच्यांना बळंच चार घास घालतात, त्याला कडू घास म्हणतात. त्या सकाळी पहिला डबा ओंकारनं आणला. भला मोठा पितळी डबा, फडक्यात बांधलेला.

“आजीनं दिलाय,” तो म्हणाला. मग खाली बघून, “आजोबा म्हणाले, जा घेऊन.”

लेकीनं माझ्याकडं बघितलं. तिनं डबा सोडला, पोरांच्या हातावर भाकरी दिली, वर पिठलं. संग्रामच्याही हातावर दिली. तो ती धरून बसला.

नव्या सरांचे डोळे भरून आले. “बघा मामा,” ते म्हणाले, “त्यांच्याच घरचं अन्न. संग्रामनं खाल्लं की बाईंचा नियम बी पूर्ण झाला. बाईंनीच घडवून आणलं बघा.”

सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. संग्रामनं घास मोडला.

“ठेव खाली ते,” मी म्हणालो.

त्यानं ठेवला.

“हे घर कुणाचं हाय?”

“तुमचं, मामा.”

“मग बाळूच्या घरात कसा जेवलास तू?”

“मामा, आजच्या दिवशी राहू द्या की,” नवे सर म्हणाले.

“सर, ती जाऊन एकच रात झालीया. आजच राहू दिलं तर उद्यापासनं काय राहतंय?” मी उठलो. भिंतीला धरून चप्पल घातली. “चल रं संग्राम.”

लेक मागं आली. “बाबा, सुतक हाय. दुसऱ्याच्या घरी कुठं निघालाय? लोक काय म्हणतील?”

“लोक आले तर बसव त्यांस्नी. डबा हाय.”

वरची गल्ली लांब नाही, पण चढ आहे. संग्राम माझ्या मागं चालत होता. पुढं हो म्हणालो तरी होईना. ओंकार पळत पुढं गेला, घरी सांगायला. आमच्या गल्लीतली माणसं दारात येऊन उभी राहिली. वरच्या गल्लीतलीही उभी राहिली. मला दम लागला, एका ओट्याला धरून थांबलो, परत चाललो.

बाळू दारात उभा होता. अंगात बनियन, एक हात चौकटीला. लांबनं बघण्यातला बाळू वेगळा होता. जवळनं बघितलं तर म्हातारा झालेला. मी पायरीच्या खाली थांबलो.

“सुतक हाय मला,” मी म्हणालो. “आत येऊ का नको ते आदी सांग.”

“सुतकाचं काय घिऊन बसलाईस,” तो म्हणाला. “बाई आमच्या पोराच्या बी हुत्या. ये.”

पायरी उंच होती. त्यानं हात पुढं केला. मी चौकट धरून चढलो.

आत चटई टाकलेली होती. त्याच्या बायकोनं आमच्या हातावर पाणी घातलं, ताटं मांडली. भाकरी, पिठलं, कांदा. संग्राम माझ्या शेजारी बसला, ओंकार त्याच्या शेजारी. बाळू समोरच्या खाटेवर बसून राहिला.

“पाय कसा हाय?” त्यानं विचारलं.

“थंडीत दुखतो.”

“मुद्दाम न्हवता घातला मी.”

“मुद्दामच घातलातास.”

बायकोनं बाळूकडं बघितलं. ओंकारनं मान खाली घातली.

“व्हय,” बाळू म्हणाला. “जरा मुद्दामच.”

संग्रामचा हात ताटात तसाच थांबला होता. तो माझ्याकडं बघत होता.

“जेव की,” मी त्याला म्हणालो. “मॅच हाय.”

तो जेवायला लागला. मला भाकरीला हात घालायला जरा वेळ लागला. मग मोडली आणि मीही जेवलो.